चौथ्या भागापासून सुरू होणारी गोष्ट

'स्टार वॉर्स' ही चित्रपटमालिका कोणत्या क्रमाने पाहावी, हा प्रश्न वरकरणी रिकामटेकडेपणाचा वाटण्याचा संभव आहे. मराठी साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने त्यावर लेख लिहावा, हे काहींना त्याहून विसंगत वाटेल. तथापि एम.ए.च्या वर्गात कथनमीमांसा शिकवताना घटनांचा मूळ क्रम आणि त्या सांगण्याचा क्रम यांतील भेद समजावून देण्यासाठी याइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. रशियन रूपवाद्यांनी या भेदाला 'फॅब्युला' आणि 'स्यूझेत' अशी नावे दिली. पुढे जेरार झनेत यांनी १९७२ साली कथनातील 'क्रम' या घटकाची स्वतंत्र आणि तपशीलवार चिकित्सा केली. विद्यार्थी या संज्ञा पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण 'चौथा भाग आधी पाहायचा की पहिला?' एवढा प्रश्न टाकला की एरवी मुके असणारे मागचे बाकही बोलू लागतात. वाद रंगतो, आणि क्रम बदलला की अर्थ बदलतो ही गोष्ट कोणी न सांगता वर्गाच्या ध्यानात येते.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांना आरंभीच एक सूचना द्यायला हवी. या मालिकेतील रहस्ये उघड केल्याशिवाय हा लेख लिहिता येण्यासारखा नाही.

मालिकेचा इतिहास थोडक्यात असा. जॉर्ज लुकस यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'स्टार वॉर्स' हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्या वेळी त्याच्या नावापुढे कोणताही क्रमांक नव्हता. १९८० साली 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला तेव्हा आरंभीच्या सरकत्या मजकुरात तो 'भाग ५' असल्याचे जाहीर झाले, आणि १९८१ साली मूळ चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्यालाही 'भाग ४' असा क्रमांक आणि 'अ न्यू होप' असे उपशीर्षक जोडण्यात आले. म्हणजे पहिले अपत्य जन्मानंतर चार वर्षांनी चौथे ठरले. १९८३ साली सहावा भाग 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला. त्यानंतर सोळा वर्षांच्या खंडाने पूर्वकथेचे तीन भाग आले: १९९९ साली 'द फँटम मेनेस', २००२ साली 'अटॅक ऑफ द क्लोन्स' आणि २००५ साली 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकस यांची निर्मितिसंस्था विकत घेतली आणि २०१५, २०१७ व २०१९ या वर्षी सातवा, आठवा आणि नववा भाग प्रदर्शित झाला. मुख्य मालिका या नऊ भागांची आहे. तिच्या भोवती इतरही चित्रपट आणि मालिका आहेत, पण त्यांचा विचार येथे करायचा नाही.

या नऊ भागांकडे जाण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला प्रदर्शनाचा क्रम: चार, पाच, सहा, एक, दोन, तीन आणि मग शेवटचे तीन. दुसरा क्रमांकांचा म्हणजेच घटनांचा क्रम: एक ते नऊ, सरळ. तिसरा मार्ग रॉड हिल्टन या प्रोग्रामरने २०११ साली आपल्या ब्लॉगवर सुचवला आणि त्या ब्लॉगच्या नावावरून तो 'मचेटे क्रम' म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात चार आणि पाच हे भाग आधी पाहायचे, मग दोन आणि तीन, आणि शेवटी सहा. पहिला भाग पूर्णपणे गाळायचा. माझ्या पिढीतल्या तालुक्याच्या गावच्या प्रेक्षकांना आणखी एक क्रम ठाऊक आहे, तो म्हणजे उपलब्धतेचा. व्हिडिओ लायब्ररीत जी कॅसेट मोकळी असेल ती आणायची आणि मागचे पुढचे आपले आपण जुळवून घ्यायचे. सार्वजनिक वाचनालयातून कादंबरीचा दुसरा खंड आधी हाती येण्याची सवय असल्याने आम्हांला त्याचे फारसे काही वाटत नसे.

आता या क्रमांनी नेमका काय फरक पडतो ते पाहू. मालिकेच्या मध्यभागी एक वाक्य आहे. पाचव्या भागाच्या अखेरीस डार्थ व्हेडर हा काळा मुखवटाधारी खलनायक तरुण नायक ल्यूक स्कायवॉकर याचा हात तोडतो आणि नंतर त्याला सांगतो की मीच तुझा पिता आहे. चौथ्या भागात ओबी-वान केनोबी या वृद्ध गुरूने ल्यूकला सांगितलेले असते ते वेगळेच: तुझ्या वडिलांना व्हेडरने मारले. प्रदर्शनाच्या क्रमाने पाहणाऱ्याला हे सत्य ल्यूकबरोबर, त्याच क्षणी कळते. क्रमांकांच्या क्रमाने पाहणाऱ्याने मात्र तिसऱ्या भागातच अ‍ॅनाकिन स्कायवॉकर या तरुणाचा व्हेडर होताना पाहिलेला असतो. त्यामुळे चौथ्या भागातले गुरूचे निवेदन त्याला ऐकताक्षणीच खोटे म्हणून कळते.

या वाक्याचा निर्मितीचा इतिहासही उद्बोधक आहे. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या पटकथेचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी लिहिला. मसुदा पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत, १९७८ साली, त्यांचे निधन झाले. त्या मसुद्यात ल्यूकचे वडील आणि व्हेडर या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत. दिवंगत वडील मुलासमोर प्रकट होतात आणि ते अर्थातच व्हेडर नाहीत. म्हणजे १९७७ साली वृद्ध गुरूच्या तोंडी घातलेले वाक्य लिहिले गेले तेव्हा ते असत्य म्हणून लिहिलेले असण्याची शक्यता कमीच. पुढच्या मसुद्यांत लुकस यांनी कथा फिरवली आणि मागच्या चित्रपटातले, जगभर ऐकून झालेले ते वाक्य जागच्या जागी खोटे ठरले. चित्रीकरणाच्या वेळी गुप्तता अशी की व्हेडरच्या पोशाखातील नट डेव्हिड प्राउज यांना वेगळेच वाक्य देण्यात आले होते: ओबी-वानने तुझ्या वडिलांना मारले. खरे वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ज्याच्या देहाने ते वाक्य उच्चारले त्यालाच ते ठाऊक नव्हते, असा हा प्रकार आहे.

उशिरा लिहिलेला भाग आधीच्या भागाचा अर्थ मागे जाऊन बदलतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही. येथे तर मूळ संहिताही बदलत गेली. १९९७ च्या विशेष आवृत्त्यांत लुकस यांनी नवी दृश्ये घातली. २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत सहाव्या भागाच्या अखेरीस दिसणारी पित्याची आत्मरूप आकृती बदलली: १९८३ साली तेथे सबॅस्टियन शॉ हे वयस्कर नट होते, आता पूर्वकथेतील तरुण नट हेडन क्रिस्टेन्सन आले. पहिल्या भागापासून पाहत आलेल्या प्रेक्षकाला ओळख पटावी ही त्यामागची सोय उघड आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपलेल्या विद्वानांना प्रक्षेप करणारे हात अनामिक सापडले. या मालिकेत प्रक्षेपकर्ता खुद्द मूळ कर्ताच आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा पेच अधिक अवघड म्हणावा लागेल.

क्रमांकांच्या क्रमाची बाजू तशी दुबळी नाही. सॉफोक्लीजच्या प्रेक्षकाला इडिपसचे जन्मरहस्य आधीच ठाऊक होते. शोकात्मिकेची पकड त्यामुळे सैल झाली नाही, उलट घट्ट झाली. हिचकॉक यांनी आश्चर्य आणि उत्कंठा यांतील भेद सांगताना टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो; तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले तर टेबलावरचे साधे संभाषणही त्याला श्वास रोखून ऐकावे लागते. सहा भागांची गोष्ट मुळात पित्याची शोकांतिका आहे, अशी मांडणी लुकस यांनी नंतरच्या काळात केली, आणि एकपासून पाहिल्यास ती तशीच दिसते. गुलामगिरीत वाढलेला एक गुणी मुलगा, आईपासून तुटलेला, प्रेयसीला वाचवण्याच्या ध्यासाने सर्वस्व गमावतो आणि अखेरीस मुलाला वाचवताना स्वतःला परत मिळवतो.

मचेटे क्रमाचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. पाचव्या भागात सत्य कळले की तेथेच थांबून दोन आणि तीन हे भाग पूर्वकथेसारखे पाहायचे आणि मग सहाव्यात परतायचे, ही कल्पना चतुर आहे. सहाव्या भागात ल्यूक काळ्या पोशाखात येतो आणि पहारेकऱ्यांचे गळे न शिवता आवळतो. पित्याचे पतन नुकतेच पाहिलेल्या प्रेक्षकाला तेव्हा मुलाविषयी खरी भीती वाटते. दोघांचाही उजवा हात तुटणे, आणि अखेरच्या द्वंद्वात पित्याचा यांत्रिक हात छाटल्यावर मुलाने स्वतःच्या हाताकडे पाहणे, या गोष्टी लागोपाठ पाहिल्या की एकमेकींना भिडतात. पण त्यासाठी पहिला भाग गाळणे मला पटत नाही. तो भाग चित्रपट म्हणून शिथिल आहे हे मान्य. तरीही नऊ वर्षांचा मुलगा आईला गुलामगिरीत मागे ठेवून निघतो ते त्याच भागात. तो निरोप पाहिलेला नसेल तर दुसऱ्या भागात त्या आईचा मुलाच्या कुशीत होणारा मृत्यू ही निव्वळ माहिती उरते. पूर्वसूचना कापून टाकल्यावर परिणाम तेवढा शिल्लक राहील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

क्रमाविषयीचा निर्णय केवळ कथानकावरून करू नये, यासाठी संगीताचे एक उदाहरण देते. जॉन विल्यम्स यांनी १९८० च्या चित्रपटासाठी व्हेडरची जी धून रचली ती पुढे जगभर दुष्टशक्तीची खूण बनली. १९९९ साली त्यांनीच बालवयातील अ‍ॅनाकिनसाठी एक कोवळी, निरागस धून बांधली आणि तिच्या अखेरीस त्या जुन्या धुनेचे काही स्वर हलक्या हाताने पेरले. प्रदर्शनाच्या क्रमाने आलेल्या श्रोत्याच्या काळजात तेथे चर्र होते. एकपासून सुरुवात करणाऱ्याला ते स्वर म्हणजे एका गोड चालीचा शेवट, एवढेच. पूर्वकथा ही ज्याला पुढचे ठाऊक आहे अशा श्रोत्यासाठीच रचलेली आहे, याचा याहून बोलका पुरावा नको.

येथून मला एक कसोटी सुचते. कलाकृती आपल्याला कोणाशेजारी बसवते, हे पाहून क्रम ठरवावा. चौथा आणि पाचवा भाग आपल्याला ल्यूकशेजारी बसवतात. त्याला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसावे, अशी त्यांची घडण आहे. पहिले तीन भाग आपल्याला इतिहासाशेजारी बसवतात. तेथे पुढचे माहीत असणे हीच आपली बैठक. महाभारत आपल्याला नैमिषारण्यात सौतीसमोर बसवते. युद्ध होऊन गेलेले आहे, ज्याच्यासाठी पहिल्यांदा कथा सांगितली गेली तो जनमेजय त्या वंशाचा चौथ्या पिढीतला वारस आहे, आणि कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे आदिपर्वातच सांगून झालेले आहे. शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली तेव्हा कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण अशा निरनिराळ्या मुखांतून ती वदवली, आणि रहस्यावर भिस्त ठेवण्याची त्यांना गरज भासली नाही. मराठी वाचकाला कर्णाचे जन्मरहस्य कधी पहिल्यांदा कळले हे आठवतच नाही. ते त्याला नेहमीच ठाऊक असते.

या कसोटीप्रमाणे माझे उत्तर ठरलेले आहे. प्रथम पाहणाऱ्याने प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावे. पुन्हा पाहणाऱ्याने, म्हणजे ज्याला आपण पुनर्वाचन म्हणतो ते करणाऱ्याने, एकपासून पाहावे. अनेक वर्षे वर्गात मी हेच सांगत आले आहे. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र हा प्रश्न वर्गाबाहेर, घरातल्या सोफ्यावर उभा राहिला, आणि त्याला एक वेगळीच बाजू आहे असे दिसले.

माझी भाची त्या वेळी बारा वर्षांची होती. ताई आणि भावोजींनी तिला ती सात महिन्यांची असताना दत्तक घेतले. तिला हे कधी सांगायचे यावरून त्या काळी घरात बरीच चर्चा झाली होती. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, 'कळती झाली की सांगू. आत्ता त्या जिवाला काय समजतंय?' त्यात प्रेमच होते. ताईने शांतपणे एकच उत्तर दिले होते: 'कळती झाल्यावर सांगितलं तर तिला एकदम दोन गोष्टी कळतील. एक ही, आणि दुसरी म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं तिच्यापासून लपवली ती.' त्यानंतर तो विषय संपला. भाचीला तिची गोष्ट झोपताना ऐकायच्या इतर गोष्टींबरोबरच मिळाली: तुला आणायला गेलो त्या दिवशी पाऊस किती होता, गाडीत तू कशी झोपून गेलीस, आजीने दारात तुकडा कसा ओवाळला. ते सत्य तिला कोणत्या दिवशी कळले हे तिला सांगता येणार नाही. कर्णाविषयीचे आपल्याला जसे सांगता येत नाही, तसेच.

तर त्या सुट्टीत तिने 'स्टार वॉर्स' पाहायचा हट्ट धरला आणि क्रम ठरवायचे काम माझ्याकडे आले. मी अर्थातच चौथ्यापासून सुरुवात केली. ताईला मी आधी विचारले होते की पाचव्या भागात बापाविषयीचे हे असे आहे, चालेल ना? ती हसून म्हणाली, 'तिच्यासाठी काही आहे का त्यात लपवण्यासारखं?' पाचव्या भागाच्या अखेरीस ते वाक्य आले तेव्हा मी पडद्याकडे पाहत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती दचकली, तोंडावर हात ठेवला. हे माझ्या अपेक्षेप्रमाणे झाले. पण क्षणभराने तिने चित्रपट थांबवायला लावला आणि विचारले, 'मावशी, त्या म्हाताऱ्याला हे माहीत होतं ना? मग त्याने आधीच का नाही सांगितलं?'

मी म्हटले, पुढच्या भागात तो त्याचे उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी सहावा भाग पाहिला. त्यात गुरूची आत्मरूप आकृती ल्यूकला समजावते, की तुझा सज्जन पिता ज्या क्षणी व्हेडर झाला त्याच क्षणी तो माणूस म्हणून मेला; तेव्हा एका दृष्टीने पाहिले तर मी सांगितले ते खरेच होते. समीक्षक या युक्तिवादाकडे कथेतला सांधा झाकणारे ठिगळ म्हणून पाहतात आणि मीही वर्गात तसेच पाहायला शिकवते. भाचीने त्याला ठिगळ म्हटले नाही. ती चिडली. 'हात तुटल्यावर सांगतात का?' एवढेच ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली.

तिचा राग माझ्या ओळखीचा होता. तो युधिष्ठिराचा राग होता. युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी, स्त्रीपर्वाच्या अखेरीस कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. श्रोत्याला हे आदिपर्वापासून ठाऊक आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाशी ते उघड बोलतो, पाठोपाठ कुंतीही त्याला भेटते. पांडवांना मात्र ते भाऊ मारून झाल्यावर कळते. शांतिपर्वात युधिष्ठिर आईच्या या मौनाने इतका पोळतो की स्त्रियांच्या पोटात यापुढे गुपित राहणार नाही असा शाप देऊन मोकळा होतो. त्या शापाची आपण थट्टा करतो, त्यातल्या स्त्रीविषयक दृष्टीवर टीका करतो, आणि ती टीका योग्यच आहे. पण शापामागचे दुःख असे आहे की सत्य खोटे नव्हते, ते फक्त उशिरा आले.

या प्रसंगाने एक साधी गोष्ट माझ्यासमोर स्वच्छ झाली. चित्रपट आपण कोणत्याही क्रमाने पाहिले तरी ल्यूकला ते सत्य त्याच जागी, तितक्याच उशिरा कळते. आपण तबकड्यांचा क्रम बदलतो तेव्हा आपल्या कळण्याची वेळ बदलते, त्याच्या कळण्याची नाही. प्रदर्शनाचा क्रम, क्रमांकांचा क्रम, मचेटे क्रम हे सगळे प्रेक्षकाचे क्रम आहेत. आश्चर्य हा प्रेक्षकाचा हक्क असू शकतो, कारण प्रेक्षकाचा हात तुटत नाही. घरातल्या मुलाला आपण प्रेक्षक समजून त्याच्या आयुष्यातले सत्य योग्य क्षणासाठी राखून ठेवतो तेव्हा स्थानांची अदलाबदल झालेली असते. ते मूल पडद्यावर असते आणि सोफ्यावर आपण बसलेलो असतो. ताईने हे कोणत्याही सिद्धान्ताशिवाय ओळखले होते. कथा सांगताना क्रम ही कला आहे. ज्याची कथा आहे त्यालाच ती सांगायची असेल तर क्रम हा नीतीचा प्रश्न होतो.

शेवटच्या तीन भागांविषयी मी वर काही लिहिले नाही, कारण क्रमाच्या वादात ते नेहमी शेवटीच येतात. पण या संदर्भात त्यांना महत्त्व आहे. त्यांची नायिका रे ही आई-बापांनी लहानपणी मागे सोडलेली मुलगी. रायन जॉन्सन यांच्या आठव्या भागात, २०१७ साली, तिला सांगितले जाते की तुझे आई-बाप कोणी नव्हते. सामान्य, नाव नसलेली माणसे होती. या मालिकेत रक्ताच्या नात्यावाचून मोठेपण येऊ शकते असे प्रथमच म्हटले गेले होते. २०१९ च्या नवव्या भागात, जे. जे. एब्रॅम्स यांच्या दिग्दर्शनाखाली, ते मागे घेतले गेले आणि रे ही दुष्ट सम्राट पॅल्पटीनची नात निघाली. म्हणजे पुन्हा एकदा उशिरा लिहिलेल्या भागाने आधीच्या भागाला खोटे पाडले. भाचीने नववा भाग पाहिल्यावर वैतागून विचारले, 'प्रत्येक वेळी कोणाची तरी नातच का असावी लागते?'

या प्रश्नाचे उत्तर मालिकेकडे पूर्णांशाने नाही. ल्यूकला वाढवणारे ओवेनकाका आणि बेरूकाकू चौथ्या भागाच्या पूर्वार्धातच मारले जातात आणि त्यांच्यासाठी शोक करायला कथेकडे फारसा वेळ नसतो. लेयाला मुलगी म्हणून वाढवणारे ऑर्गाना दांपत्य त्यांच्या ग्रहासकट नष्ट होते. सहा भागांचा सारा प्रवास जन्मदात्याकडे वळलेला आहे. वाढवणारे वाटेत पडतात. नवव्या भागाच्या अखेरच्या क्षणी मात्र एक गोष्ट घडते. त्याच वाळवंटातल्या, ओवेन आणि बेरू यांच्या ओसाड घरापाशी रेला एक अनोळखी बाई नाव विचारते, आणि ती जन्माने मिळालेले आडनाव न सांगता स्कायवॉकर हे नाव स्वतःसाठी घेते. चित्रपट म्हणून नववा भाग दुबळा आहे, हे माझे मत आजही कायम आहे. ते दृश्य मात्र भाचीने मागे नेऊन पुन्हा पाहिले.

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला राज्य देऊ करतो, पांडवांचे थोरलेपण देऊ करतो. कर्ण ते नाकारतो त्यामागे दुर्योधनाविषयीची निष्ठा आहे, हे आपण नेहमी शिकवतो. त्याआधी तो जे कारण देतो ते आपण तितक्या आग्रहाने शिकवत नाही. अधिरथाने मला घरी आणले, माझ्यावरच्या मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. त्यांना मी कसा टाकू, असे तो विचारतो. सत्य कळल्यानंतरही तो राधेयच राहतो. रणजित देसाई यांनी १९७३ साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिले.

एम.ए.च्या वर्गात या वर्षीही मी प्रथम पाहणाऱ्याला प्रदर्शनाचा क्रमच सुचवला, आणि त्याची वर दिलेली कारणे सांगितली. त्यानंतर मात्र आता आणखी एक प्रश्न फळ्यावर लिहिते: या कथेत हे सत्य कोणाला आधी ठाऊक होते, आणि त्याने ते कोणासाठी राखून ठेवले? पहिल्या प्रश्नावर वर्ग अर्धा तास भांडतो. या दुसऱ्या प्रश्नावर आधी शांतता पसरते, आणि मग कोणीतरी हळूच कुंतीचे नाव घेते.